निळं अस्तर

अदिस अबाबा
मस्करम २०, १९८८

पूज्य आबा गेब्रे-किदान,

तुमच्या हातातल्या क्रुसाला वंदन. आई बरी आहे असं लिहायला तिने सांगितलंय म्हणून लिहिते. खरं म्हणजे जिना चढली की तिला धाप लागते, आणि आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणून उशीला टेकून बसल्या बसल्या झोपते. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणते, माझा भाऊ मठात आहे, मला डॉक्टर कशाला.

आता कामाचं. मागच्या दोन पत्रांत मी तुम्हाला एकच गोष्ट विचारली आणि दोन्ही वेळा तुमच्याकडून आशीर्वाद आले. आशीर्वाद हवेतच, पण सोबत उत्तरही आलं असतं तर बिघडलं नसतं. तुम्ही एन्दा आबा अफ्राम मठाच्या भांडाराचे राखणदार. संतांनी स्वतः लिहिलं म्हणतात ते जुनं शुभवर्तमान उघडायची मुभा मठाधिपतींच्या खालोखाल तुम्हाला. आणि मी, जिने त्याच पुस्तकावर संशोधन करण्यात तारुण्य घालवलं, मला डोंगराच्या पायथ्याच्या उंबराच्या झाडापुढे पाऊल टाकता येत नाही, कारण वर बाईलाच काय, कोंबडीलासुद्धा मज्जाव आहे. या नियमावर आपलं भांडून झालंय, पुन्हा भांडत नाही. पण मग माझे डोळे तुम्ही व्हा.

प्राध्यापक हॉल्मर म्हणून एक परदेशी विद्वान आहेत. त्यांनी यंदा मोठा लेख लिहिलाय. पुस्तक चौदाशे वर्षांपूर्वीचं आहे हे त्यांना मान्य आहे. पण ते म्हणतात, ते समुद्रापलीकडून तयार होऊन आलं, असलं काम इथे होणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी आपलं कौतुकही केलंय, की इथल्या लोकांनी पुस्तक निष्ठेने सांभाळलं. मोलकरणीचं करतात तसं कौतुक.

माझ्याकडे सम्राटांच्या काळात एका प्रवाशाने काढलेला जुना फोटो आहे. त्यात पुस्तकाची पुढची लाकडी फळी उघडलेली दिसते, आणि फळीच्या आतल्या बाजूला कापड चिकटवलेलं दिसतं. फोटो काळापांढरा आहे, पण त्याने खाली लिहून ठेवलंय की कापड निळं आहे आणि त्यावर पांढरे पक्षी आहेत. अशी सुती कापडं मिसरच्या वाळवंटात एका बुजलेल्या बंदरात सापडली आहेत, आणि ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजाने आली होती. आपल्या कापडाच्या कोपऱ्यात शाईचे फराटे दिसतात. लिहिणाऱ्याने बोरू पुसलाय किंवा अक्षर गिरवून पाहिलंय. ते अक्षर आपल्या गेएझ लिपीतलं असेल, तर हॉल्मर यांचा लेख कोसळतो. कापड हिंदुस्थानातून आपल्या अदुलिस बंदरात आलं, तिथून उंटावरून डोंगरात आलं, आणि लिहिणारा ते मांडीवर घेऊन इथे बसला होता.

तुम्ही एवढंच करा. पुस्तकाचं कापड बघा. निळं आहे का? कोपऱ्यात कोणतं अक्षर आहे? दोन ओळी पुरतील.

तुमची
अब्रेहेत

*

एन्दा आबा अफ्राम
तिकिम्त १०, १९८८

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, एकच देव, त्याच्या नावाने.

अब्रेहेत पोरी,

दोन ओळी पुरतील म्हणतेस, पण दोन ओळींसाठी अद्वाच्या बाजारापर्यंत माणूस धाडायचा म्हणजे तो वाटेत शिव्या देईल. म्हणून थोडं जास्त लिहितो.

आधी तुझी आई लेतेमारियाम. तिला सांग, मी रोज तिचं नाव घेतो. लहानपणी ती माझ्या आधी डोंगर चढायची आणि वरून दगड मारायची. तिला धाप लागते हे मला वाचवत नाही.

आता तुझं काम. पुस्तकाचं कापड मी नीट पाहिलं. ते निळं नाही. लाल मखमल आहे, त्याच्या आत पिवळं रेशीम, आणि अगदी आत पांढराशुभ्र सुती शम्मा. तिन्ही मी स्वतः सणाला उन्हात घालतो. कोपऱ्यात अक्षर कोणतंही नाही. मेणाचा डाग आहे, तो माझ्याकडूनच पडला. तुझ्या प्रवाशाने दुसऱ्याच कुठल्यातरी मठाचा फोटो काढला असेल. परदेशी लोकांना आपले डोंगर सगळे सारखेच दिसतात.

आणि बोरू पुसायचं म्हणशील, तर संतांना शाई देवदूताने आणून दिली होती हे तुलाही लहानपणापासून ठाऊक आहे. ज्याला देवदूत शाई आणून देतो तो फडक्याला बोरू पुसत बसेल असं मला वाटत नाही. मी इथे पोरांना अक्षरं शिकवतो, बोरू पुसणारी जात मला चांगली माहीत आहे.

कोंबडीचं नाव काढू नकोस. गेल्या महिन्यात एक चुकून वर आली. तिला खाली पोचवायला दोन डिकन गेले आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला दोघेही उशिरा आले. मठाधिपती अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

तुझा
आबा गेब्रे-किदान

*

अदिस अबाबा
तिकिम्त २९, १९८८

पूज्य आबा,

तुमचं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

चूक माझी. मी कापड लिहिलं आणि तुम्ही पुस्तकाचे रुमाल पाहिलेत. मला वरचे कपडे नकोत, आतलं अस्तर हवंय. रुमाल सगळे सोडा, पुस्तक उघडा, पहिली फळी उलटा. तिच्या पोटाला जे चिकटलंय ते. सोबत फोटोची प्रत पाठवते. जिथे मी लाल खूण केलीय तिथे बघा.

आणि एक सांगते, रागावू नका. हॉल्मर म्हणतात पुस्तक जहाजाने आलं. तुम्ही म्हणता शाई देवदूताने आणली. आपल्यातल्या एका माणसाने बसून, पाठ मोडून, चुका करत ते लिहिलं असं म्हणायला कुणीच तयार नाही. तुमच्या दोघांच्या मधे उभी राहून मी थकले आहे. आमच्या संस्थेचे संचालक म्हणतात, "अब्रेहेत, तुझा पुरावा नेहमी पुढच्या बसने येतो." काल सगळ्यांसमोर म्हणाले.

पत्रावर विसंबून आता भागणार नाही. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने त्या कापडाचा एक धागा तपासायचं कबूल केलंय. कापूस कुठला आणि किती जुना ते त्यावरून कळतं. आधी त्यांना चांगले फोटो हवेत. म्हणून आमच्या संस्थेचा फोटोग्राफर हाफ्तोम येईल, सियोन मारियामच्या सणानंतर. तो पुरुष आहे, त्यामुळे तुमच्या उंबराला हरकत नसावी. त्याचं पोट नाजूक आहे, त्याला तिखट देऊ नका.

ते अस्तर फाटकं आहे, मळकं आहे, किडीने खाल्लंय. भांडी पुसायलाही कुणी घेणार नाही अशी चिंधी आहे. पण आबा, तीच आता साऱ्या जगासमोर जाणार आहे. हाफ्तोम पोचेल तेव्हा पुस्तक तयार ठेवा. मठाधिपतींची परवानगी घेऊन ठेवा, म्हणजे त्याला ताटकळावं लागणार नाही.

आईला आता एक जिनाही चढवत नाही. रात्रभर जागी असते आणि मी विचारलं की झोपेचं सोंग घेते.

अब्रेहेत

*

एन्दा आबा अफ्राम
हिदार २५, १९८८

दयाळू आणि क्षमाशील देवाच्या नावाने.

अब्रेहेत पोरी,

तुझा हाफ्तोम आला आणि गेला. भला माणूस आहे. चढताना दोनदा बसला आणि मला म्हणाला, तुमच्या भाचीने हा डोंगर कागदावर फार लहान काढला होता. उपासाचे दिवस असल्यामुळे त्याला डाळच मिळाली, ती मी बिनतिखटाची करायला लावली.

तुझं ऐकलं नाही असं तू आता म्हणू शकणार नाहीस. मी फळी उलटली आणि तुझ्या फोटोतलं अस्तर मला दिसलं. इतकी वर्षं मी पुस्तक उघडतो, पण मजकुराकडे बघतो, फळीकडे कोण बघतं. पोरी, मला लाज वाटली. वर मखमल आणि पोटाशी ती चिंधी. मी मठाधिपतींना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, मुलगी बरोबर सांगते आहे, जगासमोर जायचं तर पुस्तक तयार झालं पाहिजे. मग आम्ही ते तयार केलं. खालच्या गावातल्या धर्मगुरूच्या बायकोने नवीन कापड दिलं, गुलाबी फुलांचं, चमकतं, धुतलं तरी रंग जात नाही असं. जुनं अस्तर मी ओल्या बोटांनी सावकाश सोडवलं, एक धागा तुटू दिला नाही. नवीन घट्ट चिकटवलं. हाफ्तोम पोचला तेव्हा पुस्तक नवरीसारखं दिसत होतं. त्याने फळी उघडून दोनदा निरखली. मग त्याने भरपूर फोटो काढले.

जुन्या अस्तराची काळजी करू नकोस. संतांच्या पुस्तकाच्या अंगावरची वस्तू आम्ही टाकत नाही. ती जिथे जायला हवी तिथे गेली.

हाफ्तोमबरोबर मधाचं गाडगं पाठवलंय. आणि लेतेमारियामसाठी एक आशीर्वादाची वस्तू आहे, अद्वाच्या चामडंवाल्याकडून पाकिटात शिवून घेतलेली. तिला सांग, ती गळ्यातून काढायची नाही, आंघोळीलासुद्धा नाही. आणि उघडायची तर मुळीच नाही. उघडलं की तिचा गुण जातो.

आता तरी खूश हो.

आबा गेब्रे-किदान

*

अदिस अबाबा
ताहसास ६, १९८८

मामा,

आज तुम्हाला आबा म्हणवत नाही. संन्यास घेतला की नाती सुटतात हे मला ठाऊक आहे, पण आज मला आईचा भाऊ हवाय, ज्याच्यावर मी ओरडू शकेन.

तयार ठेवा म्हणजे हाताशी ठेवा. तयार ठेवा म्हणजे बाहेर काढून ठेवा, म्हणजे हाफ्तोमला थांबावं लागणार नाही. नवरीसारखं नटवा असं मी कुठे लिहिलं होतं? हाफ्तोमने माझ्यासमोर फोटो मांडले. मी एकेक उलटत गेले आणि प्रत्येकात गुलाबी नायलॉन. वरून, बाजूने, जवळून, भिंग लावून. चौदाशे वर्षं जुनी फळी आणि तिच्यावर बाजारातलं पडद्याचं कापड. मी त्याला विचारलं, तू काही बोलला का नाहीस. तो म्हणाला, "ते इतके आनंदात होते ताई, मला बोलवेना."

मला तुमच्यावर राग आहे, मठाधिपतींवर आहे, त्या धर्मगुरूच्या बायकोवर आहे, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर आहे, कारण तो शब्द माझा होता. एक शब्द नीट लिहिला असता तर ते कापड आज जागेवर असतं.

आता नीट वाचा, आणि शब्दाला शब्द धरून वाचा. ती चिंधी कुठे आहे? जाळली? पुरली? पुरली असेल तर उकरा. कुणाला दिली असेल तर त्याच्याकडून मागून आणा. ती फळीवर नसली तरी चालेल, कारण फळीवरच्या डिंकाच्या डागांवरून ती तिथलीच होती हे सिद्ध करता येईल. येकातित महिना संपेपर्यंत प्रयोगशाळेने आमची जागा राखून ठेवलीय. त्यानंतर ती दुसऱ्यांना देतील, आणि पुन्हा विचारायला गेले तर संचालक मला दारातून परत पाठवतील.

आणि आईच्या गळ्यात तुम्ही जे पाकीट अडकवलंय, त्याचंही एकदा ऐका. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय. ती म्हणते, भावाने औषध पाठवलं, आता कशाला. गोळ्या उशीखाली लपवते. मी इथे एका चिंधीसाठी जिवाचं रान करते आहे आणि तुम्ही तिला ताईत पाठवता. एक दिवस मी ते कात्रीने कापून फेकून देणार आहे, सांगून ठेवते.

अब्रेहेत

*

एन्दा आबा अफ्राम
ताहसास २२, १९८८

अब्रेहेत,

रागात लिहिलेल्या पत्राला रागात उत्तर द्यायचं नाही, असा माझा नियम आहे. म्हणून थोडंच लिहितो.

चिंधी जाळली नाही, पुरली नाही. सुखरूप आहे. कुठे आहे ते आज सांगत नाही.

लेतेमारियामच्या गळ्याला कात्री लावू नकोस. एवढं माझं ऐक, बाकी काही ऐकू नकोस.

आ. गेब्रे-किदान

*

अद्वा
तिर १४, १९८८

मामा,

हे पत्र मी तुमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर बसून लिहिते आहे, आणि तरी ते तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या हातूनच मिळणार.

तिमकतचा सण आटोपला आणि मी संस्थेत खोटं सांगून बस पकडली. उंबराखाली पोचले तेव्हा ऊन चढत होतं. पाण्यासाठी आलेल्या डिकनला म्हटलं, आबांना निरोप दे, त्यांची भाची आलीय, त्यांनी फक्त खाली यावं, मी एक पाऊल पुढे टाकणार नाही. तो वर गेला आणि बऱ्याच वेळाने उतरला. म्हणाला, "आबांनी मौन धरलंय." सोबत भाजलेल्या जवाची वाटी.

मी म्हटलं, मौन आहे तर लिहून दे म्हणावं. तो पुन्हा चढला. पुन्हा उतरला. म्हणाला, "हातांचंही मौन आहे."

मामा, हे तुम्हाला शोभलं का?

मी ऊन उतरेपर्यंत तिथे बसले. बकऱ्या आल्या आणि गेल्या. एक म्हातारी नवस फेडायला आली होती. तिने मला विचारलं, तुझं काय हरवलंय? मी म्हटलं, कापडाचा तुकडा. ती म्हणाली, अद्वाच्या बाजारात पुष्कळ मिळतील.

तुम्ही लपवताय हे मला कळतं, का लपवताय ते कळत नाही. मला तुमचा नियम मोडायचा नव्हता, तुमच्या संतांना खाली ओढायचं नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं की आपल्या माणसांनी समुद्रापलीकडच्यांशी देवघेव केली, जे चांगलं वाटलं ते घेतलं, आणि आपल्या हाताने आपलं पुस्तक लिहिलं. हे म्हणण्यासाठी एक वीतभर चिंधी लागते, आणि ती माझ्या आईचा सख्खा भाऊ मला देत नाही.

उद्या पहाटेची बस. आईला शेजारणीवर सोडून आलेय.

अब्रेहेत

*

एन्दा आबा अफ्राम
तिर १६, १९८८

सर्व काही पाहणाऱ्या देवाच्या नावाने.

अब्रेहेत बाळा,

मौन नव्हतं. भिंतीच्या वरून मी तुला दिवसभर पाहत होतो. तू एक पाय दुमडून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून बसतेस, अगदी लेतेमारियामसारखी. खाली आलो असतो तर तू विचारलं असतंस आणि मी सांगून टाकलं असतं. म्हणून आलो नाही. तू उठून चालू लागलीस तेव्हा मात्र मला वर राहणं जड गेलं.

चिंधी तुझ्या घरात आहे. तुझ्या आईच्या गळ्यात.

चौदाशे वर्षं जी वस्तू शुभवर्तमानाच्या पोटाशी होती, तिच्याइतकं मोठं दुसरं काय पाठवणार होतो मी माझ्या बहिणीला? तू म्हणालीस भांडी पुसायला कुणी घेणार नाही. मला वाटलं, तुझ्या ती कामाची नाही, तुला चांगला फोटो मिळेल आणि बहिणीला श्वास मिळेल. तुझं रागाचं पत्र आलं तेव्हा मला कळलं की तुला तीच हवी होती. पण त्याच पत्रात कात्री होती. मग मी गप्प बसलो.

गप्प बसायचं आणखी एक कारण होतं, ते तुझ्या कात्रीइतकं सोपं नाही. तू पहिल्यापासून विचारते आहेस की कोपऱ्यात कोणतं अक्षर आहे. मी ते पाहिलं. अस्तर सोडवताना ते माझ्या तळहातावरच होतं. 'म' आहे. ओळीने सहा वेळा. आपल्या 'म'ला दोन डोळे असतात हे तुला माहीत आहे. पहिल्या पाचांत डावा डोळा बारीक आणि उजवा सुजलेला. माझ्याकडची पोरं अगदी असाच काढतात, मनगट वळायला शिकलेलं नसतं म्हणून. सहावा बरोबर आलाय. आणि पुस्तकाचं पहिलं पान उलटलं तर मत्तयचा 'म' तसाच आहे, सहाव्यासारखा. मी दोन्ही शेजारी धरून पाहिले.

देवदूत शाई आणून देईल. पण देवदूताने शाई आणून दिलेल्या माणसाला पाच वेळा चुकायचं कारण काय? हे मी कुणाला विचारू शकलो नाही. त्या दिवसापासून मी पोरांच्या वाकड्या 'म'वर ओरडत नाही.

आता तुला सगळं ठाऊक आहे. कात्री तुझ्याकडे आहे. मी इतक्या लांबून काही करू शकत नाही.

तुझा
मामा

*

अदिस अबाबा
येकातित २०, १९८८

पूज्य आबा,

तुमचं पत्र घेऊन मी आईसमोर बसले. ती टकळीवर सूत कातत होती. तिला सगळं वाचून दाखवलं. हिंदुस्थान, बंदर, उंट, सहा 'म'. तिने टकळी थांबवली नाही.

"म्हणजे माझ्या गळ्यात समुद्रापलीकडचं कापड आहे?"

"हो."

"आणि त्याला कुणीतरी बोरू पुसलाय."

"पुसला नाही आई, गिरवलाय. म काढायला शिकत होता."

"शिकला का?"

"शिकला."

"मग झालं."

मी म्हटलं, फक्त एक धागा हवाय. कोपरा उसवते, धागा काढते, तुझ्यासमोर परत शिवून घेते. ती म्हणाली, "उघडलं की उतरतं." काय उतरतं, विचारलं तर म्हणे, "मला काय ठाऊक. जे चढलंय ते. मी आडवी होऊन झोपते आहे, दिसत नाही का तुला?" आणि आबा, ते खरं आहे. महिनाभर ती आडवी झोपते आहे. डॉक्टर म्हणतात, उपासात मीठ कमी खाल्लं म्हणून असेल.

मग मी भांडले. मी म्हटलं, लोक छापून म्हणतात की आपल्याला असलं लिहिता येत नव्हतं. ती म्हणाली, कोण म्हणतं? मी म्हटलं, हॉल्मर. ती म्हणाली, "त्याला जेवायला बोलाव." मी म्हटलं, आई, माझी सगळी मेहनत त्या पाकिटात आहे. तेव्हा तिने टकळी खाली ठेवली.

"मी गेल्यावर घे," ती म्हणाली. "गळ्यातून काढून घे, कुणाला विचारू नकोस. तुला घाई आहे का?"

हे तिने रागाने विचारलं नाही, टोमणाही मारला नाही. घाई असली तर काही जमवता येईल का, अशा आवाजात विचारलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेली पुन्हा घासली.

त्या रात्री कात्री शेजारणीकडे ठेवायला दिली. दुसऱ्या दिवशी करार झाला. पाकीट गळ्यात राहील, आणि त्या बदल्यात आई गोळ्या घेईल आणि छातीचा फोटो काढू देईल. फोटो काढताना तिथली मुलगी म्हणाली, गळ्यातलं काढा. आई म्हणाली, यंत्राला सांग, बाजूने काढ. शेवटी पाठीवर सरकवून काढला. हृदय मोठं झालंय. गोळ्या घेतल्या तर पुष्कळ वर्षं जातील असं डॉक्टर म्हणतात, आणि नाही घेतल्या तर काय ते त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं.

तुमचे सहा 'म' मी लेखात घातले. संचालकांनी तो परिच्छेद खोडला. म्हणाले, साधूच्या आठवणीला तळटीप देता येत नाही. बरोबरच आहे त्यांचं, आणि म्हणूनच मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. मी खात्रीने जाणते, तुम्ही खात्रीने जाणता, आणि आपल्या दोघांच्या जाणण्याला बाजारात काही किंमत नाही. प्राध्यापक हॉल्मर यांचं सभ्य पत्र आलं, की तुमच्या त्या कापडाचं पुढे काय झालं? मी उत्तर लिहिलं की कापड सुरक्षित आहे, सध्या वापरात आहे. त्यांना ते कळणार नाही. प्रयोगशाळेची मुदत अजून संपलेली नाही, पण काल मी त्यांना कळवलं की जागा दुसऱ्या कुणाला द्या.

फळीवरचं ते गुलाबी नायलॉन काढू नका. ओढाल तर खालचे डिंकाचे डागही जातील. आणि पोरांना वाकडे 'म' काढू द्या.

तुम्ही रोज संतांसमोर उभे राहता. माझ्यासाठी एक मागणं मागा. आजवर मी तुम्हाला पत्रांतून जे मागत आले, त्याच्या अगदी उलट आहे ते. मला माझा पुरावा मिळू नये, आबा. पुष्कळ वर्षं मिळू नये.

तुमची
अब्रेहेत